नग क्रमांक तीन

लग्नाची पत्रिका हातात आली की माणसं मुहूर्त बघतात, नाहीतर जेवण कुठल्या कार्यालयात आहे ते बघतात. आमचे शेजारी हानगलकर अण्णा पत्रिका तळहातावर ठेवतात, डोळे मिटतात, हात दोनदा खालीवर करतात आणि सांगतात, "पासष्ट ग्रॅम. जेवणात तूप कमी पडणार."

आणि पडतं. मी स्वतः तीन लग्नांत खात्री करून घेतली आहे.

अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन दहा-अकरा वर्षं झाली, पण ही बातमी अजून हुबळीच्या बाजारपेठेत, दुर्गदबैलात, पोचलेली नाही. ते पिशवी घेऊन बाजारात शिरले की या टोकाच्या कांदेवाल्यापासून त्या टोकाच्या गूळवाल्यापर्यंत "साहेबरु बंद्रु" अशी, म्हणजे साहेब आले अशी, कुजबुज जाते आणि माणसं तराजूखाली चिकटवलेलं काय काय खरवडून काढायला लागतात. आता जागोजागी आकडे दाखवणारे वीजकाटे आले. अण्णांचा त्यांच्यावर विश्वास नाही. त्यांच्या खिशात दोनशे ग्रॅमचं एक पितळी वजन असतं. भेंडी घ्यायच्या आधी ते काट्यावर ठेवतात, आकडा वाचतात आणि विक्रेत्याकडे असं बघतात, की तो आपण होऊन चार भेंड्या जास्त टाकतो. त्या जास्तीच्या चार अण्णा परत काढतात. "जास्त देणं ही पण चूकच. नियम काय सांगतो? बरोबर द्या."

"नियम काय सांगतो?" हे त्यांचं घोषवाक्य. दुसरं म्हणजे "तोलून बोल." हे दुसरं ते बहुतेक मलाच म्हणतात, कारण मला तोलून बोलता येत नाही. जे आहे ते मी तोंडावर सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझे बाबा दुर्गदबैलात हातगाडी ओढायचे, अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, भाजी विकली. मी बी. एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. जुन्या हुबळीतल्या या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा अण्णांनी परसातल्या अर्ध्या भिंतीवरून मला पहिला प्रश्न विचारला तो नाव-गाव-आडनावाचा नव्हता. म्हणाले, "प्रयोगशाळेतला काटा किती बारीक वजन दाखवतो?"

"एक ग्रॅमचा हजारावा भाग."

अण्णांनी हात जोडले. त्या दिवसापासून मला माझं नाव नाही. मी "बी. एस्सी." झाले.

आता कोंबड्यांकडे येते.

अण्णा कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात घरात आणत नाहीत. एकादशीला पाण्याचा थेंब नाही, द्वादशीला उजाडायच्या आत पारणं. अशा माणसाच्या परसात चार कोंबड्या आहेत, हे बघून नवा माणूस बिचकतो. पण कोंबड्या त्यांच्या नव्हेतच. अण्णांच्या मागच्या दोन खोल्यांत रेणुकाक्का म्हणून सरकारी दवाखान्यातली नर्स भाड्यानं राहायची, आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलीला सगळे पुट्टी म्हणायचे. ती अण्णांना "तक्कडी अज्जा" म्हणायची, म्हणजे तराजूवाले आजोबा. अण्णा वरवर चिडायचे आणि दर महिन्याच्या एक तारखेला तिला मोठ्या काट्यावर उभं करून वजन घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी रेणुकाक्काची बदली झाली, तिकडं बिदरला. सामानाच्या टेंपोत कोंबड्या मावेनात. "पंधरा दिवस सांभाळा, सर. क्वार्टर मिळालं की येऊन नेते," ती म्हणाली.

अण्णांनी आपल्या पद्धतीनं ताबा घेतला. कोंबड्यांना वेताच्या टोपलीत बसवून एकेक तोलली. पुट्टीनं परसदाराच्या आतल्या बाजूला खडूनं वजनं लिहिली, वेड्यावाकड्या आकड्यांत. नग एक, नग दोन, नग तीन, नग चार. कोंबड्यांना तिनं ठेवलेली नावं होती, पण अण्णांनी ती वापरली नाहीत. "मालाला नाव नसतं. नग असतो."

पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. रोज सकाळी सात वाजता वजन. कोंबड्यांना त्याची इतकी सवय झालेली, की टोपली टांगली की त्या आपणहून रांगेत येत, कारण आत मूठभर जोंधळे असत. नग दोन तर वजन झाल्यावरही उतरायची नाही. तिला झोका आवडायचा. नवं वजन जुन्याखाली लिहिलं जाई, दार भरलं की पुसलं जाई. पुट्टीच्या हातची वरची ओळ मात्र अण्णांनी कधी पुसली नाही. "ताबा घेतानाचं वजन आहे ते. माल परत देताना तेवढाच भरायला हवा."

अंडी ते आम्हाला द्यायचे. कापडात गुंडाळलेल्या सांडशीनं धरून, मान दुसरीकडे वळवून, भिंतीवर ठेवायचे. "नाशवंत माल. नाशवंत मालाची विल्हेवाट लावायची मुभा असते."

"अण्णा, रेणुकाक्का काही आता येत नाही," मी एकदा स्पष्टच म्हटलं. "सोडून टाका तो व्याप."

"दसऱ्याला येणार आहे," अण्णा म्हणाले. दसऱ्यानंतर संक्रांतीला येणार होती. संक्रांतीनंतर पुट्टीची परीक्षा झाली की.

यंदा चैत्रात, अव्वा कलघटगीजवळच्या माहेरी जत्रेला गेलेली असताना, एका सकाळी भिंतीवरून हाक आली. "बी. एस्सी.! नग तीनमध्ये घट आहे."

मी गेले. नग तीन म्हणजे तांबडी, थोडी ठेंगणी. फुटक्या घमेल्यात तीन अंड्यांवर पसरून बसली होती. जवळ गेलं की पिसं फुलवून 'कुर्रर्र' करायची. अण्णांनी तिला उचलून तोललं. ताबा घेताना एक किलो सहाशे चाळीस. आज एक किलो पाचशे नव्वद.

"दाण्याला तोंड लावत नाही. पाण्याला नाही. अंग बघ, तापलंय." अण्णांनी तिच्या पंखाखाली ताप बघायची काचेची नळी खोचली, मिनिटभर थांबले, नळी उजेडात धरली आणि दचकले. "एकशे सहा!"

"कोंबडीचं अंग तेवढंच असतं, अण्णा." हे मला खरंच ठाऊक होतं. प्राणिशास्त्र माझा दुय्यम विषय होता.

अण्णांनी थोडा वेळ विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "आज काय आहे, बी. एस्सी.?"

"गुरुवार."

"एकादशी! बघ की. एका जागी बसलीय, अन्न नाही, पाणी नाही, कुणाशी बोलणं नाही. निर्जळी करतेय ती."

मी हसले. अण्णा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी तिला परत हात लावला नाही. शेजारून जाताना चपला काढून जायचे. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भिजवलेले मूग आणि केळ्याचे काप घेऊन घमेल्यासमोर बसले. पारणं सोडायची वेळ टळून गेली, नग तीन ढिम्म. अण्णांची काळजी वाढली. "द्वादशीला पारणं न सोडणं हा दोष आहे," ते तिला समजावत होते. "उपास करणं सोपं. वेळेवर सोडणं कठीण."

त्रयोदशीला एक किलो पाचशे पंचेचाळीस. पौर्णिमेला एक किलो पाचशे वीस.

आता ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. अण्णा बाजाराला जाईनात. परसदारात पाटावर बसून घमेल्याकडे बघत राहायचे. "दोन वर्षांत एक ग्रॅम कमी होऊ दिला नाही मी," म्हणायचे. "उद्या ती पोर आली, काट्यावर ठेवा म्हणाली, तर काय सांगू? मेली तर काय सांगू?"

मी बी. एस्सी. असताना शेजारी असा घोर लागलेला मला बघवेना. मी रात्रीत मोबाइलवर सगळं वाचून काढलं आणि सकाळी निदान सांगितलं. कोंबडीला आजार नाही, व्रत नाही, तिला अंडी उबवायची ऊर्मी आली आहे. उपाय सोपा. अंडी काढून घ्यायची, तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवायचं. पोटाला खालून गार वारं लागलं की ऊर्मी जाते. तीन दिवसांत कोंबडी ठीक.

"छापलंय तसं?" अण्णांनी विचारलं.

"छापलंय."

भाजीचं प्लास्टिकचं जाळीदार खोकं आणलं, आंब्याच्या फांदीला टांगलं, नग तीनला आत घातलं. तीन दिवस ती आत ओरडत राहिली आणि तीन दिवस अण्णा फांदीखाली उभे राहून तिला गप्प करायला "सुम्मनिरु, सुम्मनिरु" म्हणत राहिले. चौथ्या दिवशी मी ऐटीत खोकं उघडलं. नग तीन बाहेर आली, अंग झाडलं, दोन दाणे टिपले. मी अण्णांकडे असं बघितलं, जसं निकालाच्या दिवशी बाबांकडे बघितलं होतं.

मग ती तुरुतुरु चालत घमेल्याकडे गेली. घमेलं रिकामं. इकडं तिकडं बघितलं आणि सरळ पडवीत शिरली. तिथं कोपऱ्यात अण्णांनी जुनी पितळी वजनं गोणपाटावर मांडून ठेवलेली आहेत. लिलावात घेतलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली. नग तीननं चोचीनं पाचशेचं ढकललं, दोनशेची दोन पोटाखाली ओढली, शंभराची चार नीट लावून घेतली, आणि पिसं फुलवून त्यांच्यावर बसली.

अण्णांनी वाकून एकेक वजन मोजलं. मग हळूच म्हणाले, "निदान खरी वजनं निवडली."

त्याच संध्याकाळी अव्वा माहेराहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी तिला भिंतीकडे ओढत नेलं. अव्वानं पडवीत डोकावून बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"खुडूक बसलीया वो अण्णा! आजार न्हाई न् काय न्हाई. अन् ही आमची शाळा शिकलेली तिला झाडाला टांगतीया!"

"पण वजन घटतंय की, अव्वा," अण्णा म्हणाले. आमच्या आईला तेही अव्वाच म्हणतात. "एक किलो चारशे नव्वदवर आली."

"घटणारच. खुडूक मोडायचं तर आमच्याकडं नाकात पीस घालत्यात. या नाकपुडीतनं त्या नाकपुडीत. पीस काढायच्या नादात बसायचं इसरती."

अण्णा दोन पावलं मागं सरले. "दुसऱ्याच्या मालाला भोक पाडायचं? ताबा घेताना भोक नव्हतं!"

"मग बसू द्या तिला अंड्यांवर. एकवीस दिवसांनी पिल्लं निघत्यात, की आपसूक उठती."

"तेच तर ती करत होती. आपणच अंडी काढून घेतली. आता परत ठेवतो की."

"ती न्हाई चालायची. तुमच्यात कोंबडा कुठं हाय?"

अण्णांनी शांतपणे विचारलं, "त्याचा काय संबंध?"

अव्वानं माझ्याकडे बघितलं. मी अव्वाकडे. अव्वाला एकाएकी चुलीवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली आणि आलेल्या पावली ती घरात निघून गेली. ज्या घरात तिनं अजून गॅससुद्धा पेटवला नव्हता त्या घरात. राहिले मी, एकाहत्तर वर्षांचे हानगलकर अण्णा आणि वजनं उबवणारी कोंबडी.

मी प्राणिशास्त्राच्या पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हटली. पुस्तकातली भाषा किती उपयोगी असते, हे मला तेव्हा कळलं. अण्णा भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत ऐकत होते. कान लाल झाले होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं ती जी देत होती, त्यांतून काहीच झालं नसतं?"

"काहीच नाही."

"आणि हिला ते ठाऊक नाही?"

"नाही."

अण्णा पडवीत गेले. नग तीनसमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग उठून म्हणाले, "कोंबडा असलेल्या घरची अंडी कुठं मिळतील?"

अव्वाच्या माहेरी मिळणार होती. मामा आणून देतो म्हणाला. पण माल जागेवर तपासून घ्यावा लागतो, असं अण्णांचं म्हणणं. रविवारी ते, अव्वा आणि मी कलघटगीच्या बसनं गेलो. मामींनी अंडी काढून ठेवली होती. अण्णा डझन मागत होते, अव्वा अकरावर अडून बसली. अंडी विषमच ठेवायची, समसंख्येला पिल्लं निघत नाहीत. "याला आधार काय?" अण्णांनी विचारलं. "माझ्या आईच्या हाताखाली किती पिल्लं निघाली त्यो आधार," अव्वा म्हणाली. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. खोक्याचा अनुभव ताजा होता, मी गप्प बसले.

परतताना बसमध्ये जागा होती, पण अण्णा बसले नाहीत. रस्ता खराब, बाकड्यावर धक्के बसतात, उभ्या माणसाच्या गुडघ्यांत ते जिरतात, असं त्यांनी मला पटवून दिलं. कोंड्यात ठेवलेल्या अंड्यांचा डबा एका हातानं छातीशी धरलेला, दुसरा हात वरच्या दांडीला. मधल्या थांब्यावर त्यांच्या मठातले, आचार आडनावाचे एक ओळखीचे गृहस्थ चढले. "काय हानगलकर, प्रसाद वाटतं?" त्यांनी डब्याकडे बघत विचारलं.

अण्णांनी आयुष्यात खोटं वजन टाकलेलं नाही. अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अंडी. अकरा नग."

आचार पुढच्या बाकावर जाऊन खिडकीबाहेर बघत बसले. घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, डब्यातून घमेल्यात अंडी ठेवताना अण्णांनी सांडशी घेतलीच नव्हती. एकेक अंडं दोन्ही तळव्यांत धरून ते ठेवत होते. शेजारी अव्वानं कोळशाचा तुकडा ठेवला, वळवाच्या गडगडाटात अंडी बिघडू नयेत म्हणून. अण्णांनी तोही तोलला नाही.

"आता एकवीस दिस तिला काट्यावर न्यायची न्हाई," अव्वानं दम दिला. "दिसातनं एकदा उठंल, खाईल, परत बसंल. तिला तिचं काम करू द्या."

"पण घट कळणार कशी?"

"कळून काय करणार हाय तुम्ही? तिच्याऐवजी बसणार?"

ते एकवीस दिवस अण्णांनी कसे काढले, हे मी बघितलंय. बाकीच्या तिघींची वजनं घ्यायचे आणि नग तीनच्या रकान्यात रेघ मारायचे. दुपारी ती दाण्याला उठली की घड्याळ लावायचे. ती किती मिनिटं बाहेर होती आणि किती दाणे टिपले, हे मला भिंतीवरून कळवायचे. एकदा वळवाचा पाऊस विजांसकट आला, तेव्हा भिजत जाऊन घमेल्यावर छत्री धरून उभे राहिले. कोळशावर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. एके संध्याकाळी म्हणाले, "बी. एस्सी., आज मी तिला नुसतं हातानं उचलून बघितलं. एक किलो चारशेच्या आत आलीय." "रेणुकाक्का वैशाखात येते म्हणाली होती. हे असं हातात कसं देऊ?"

मला राहवलं नाही. अव्वाच्या मोबाइलमध्ये रेणुकाक्काचा नंबर होता. मी घरात जाऊन तिला फोन लावला. म्हटलं, तीच दोन शब्द बोलेल, थोडं वजन कमी झालं तरी चालेल म्हणेल, म्हाताऱ्याला झोप तरी लागेल. फोनवर आम्ही कानडीत बोललो. मी सगळं सांगितलं.

"अय्यो, कोंबड्या अजून आहेत?" रेणुकाक्का म्हणाली. "मी तर आठव्या दिवशीच फोन केला होता सरांना. इथं तिसऱ्या मजल्यावर क्वार्टर मिळालंय, कोंबड्या ठेवता येत नाहीत. कुणालाही देऊन टाका, म्हटलं. 'बरं, बरं' म्हणाले की."

"तुम्ही वैशाखात येणार होता ना?"

"मी? नाही हो. हुबळीला यायचं असं काही बोलणंच झालं नाही आमचं."

"म्हणजे नंतर फोन नाही त्यांचा?"

"येतो ना. दर महिन्याच्या एक तारखेला. 'पुट्टीचं वजन किती?' एवढंच विचारतात. मी सांगते. 'वाढ बरोबर आहे' म्हणतात आणि ठेवून देतात. कोंबड्यांचा विषय त्यांनी कधी काढला नाही, मीही नाही."

मी फोन ठेवला. जे आहे ते तोंडावर सांगणारी मी. दसरा, संक्रांत, परीक्षा, वैशाख, सगळं मनात ओळीनं उभं राहिलं. परसात गेले, भिंतीपाशी उभी राहिले. पलीकडे अण्णा पाटावर बसून नग तीनला सांगत होते, "अजून सहा दिवस. मग खायचं. ती यायच्या आत भरून काढायचं." मी काही न बोलता परत फिरले. अव्वाला मात्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, तांदूळ निवडायचं थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "तू काय बोलू नगंस तिथं."

बाविसाव्या दिवशी सकाळी हाक आली ती भिंत हादरवणारी. अकरातली नऊ निघाली होती. नग तीन नऊ पिल्लं पोटाखाली घेऊन बसली होती, आणि अण्णांच्या धोतराला कोंडा लागला होता. अव्वा आणि मी धावलो.

अव्वानं मान हलवून परवानगी दिल्यावर अण्णांनी टोपली टांगली. नग तीन. एक किलो तीनशे साठ. पुट्टीच्या ओळीपेक्षा दोनशे ऐंशीनं कमी. अण्णांनी आकडा लिहिला.

"चार दिस दाणं खाल्लं की भरतीया, अण्णा. नका घोर करू," अव्वा म्हणाली.

पिल्लं एकेक करून टोपलीत, आईपाशी ठेवली. नऊची नऊ. काटा हलला, डुलला, थांबला. अण्णा वाकून बघत राहिले.

"एक किलो सहाशे पंचेचाळीस," मी वाचलं. "अण्णा! पाच ग्रॅम जास्तच!"

मला वाटलं ते उडी मारतील. ते हसले, पण मान हलवली. "नाही, बी. एस्सी. पिल्लं हिच्या वजनात धरता येत नाहीत. अंडी तुझ्या अव्वाची. नियम काय सांगतो? माल ज्याचा त्याचा." आणि एकेक पिल्लू उचलून ते वेगळ्या टोपलीत ठेवायला लागले. शेवटचं बराच वेळ हातातच राहिलं. अव्वाकडे न बघता त्यांनी विचारलं, "केव्हा नेणार?"

आमच्या परसात जागा होती. दाणे होते. मी तोंड उघडलं, आणि अव्वानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मला माझी पदवी विसरायला झालं.

"गडबड काय हाय?" अव्वा म्हणाली. "आईपास्नं तोडून कुठं न्यायची? ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. पर एक सांगून ठेवते. माल माझा हाय. मी रोज येऊन बघणार. सकाळी एकदा, सांजचं एकदा."

"रोज?" अण्णांनी वर बघितलं.

"रोज. तुमच्यावर इश्वास कोण ठेवणार? बामनाच्या घरी कोंबड्या!"

अण्णा ताठ उभे राहिले. हातातलं पिल्लू चिवचिवलं, तसं त्याला त्यांनी आईजवळ सोडलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तपासणी व्हायलाच हवी. ज्याचा माल त्याचा हक्क आहे तो." मग थोडं घुटमळले. "सकाळी याल तेव्हा चहा इथंच घ्यायचा, मग. साखर किती लागते तुम्हाला?"

अव्वानं बोटं नुसती चिमटीसारखी जुळवून दाखवली. किती ग्रॅम, ते अण्णांनी विचारलं नाही.